टाके निघाल्यानंतर

बाळाचं पोट उघडलं, जीव वाचला, टाके निघाले, की नातेवाइकांच्या लेखी प्रकरण मिटतं. आईबापांनाही ते मिटायलाच हवं असतं. पण आतडं कापलेलं असेल तर त्याचा हिशेब कधी सहा वर्षांनी येतो, कधी दहा वर्षांनी. तोवर ऑपरेशन करणारे डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले असतात आणि आपणही जुने कागद माळ्यावर टाकलेले असतात.

माझ्या मुलाला जन्मतः मालरोटेशन होतं. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत आतडी काही काळ नाळेत वाढतात आणि परत पोटात येताना वळसा घेऊन जागच्या जागी बसतात. हा वळसा अर्धवट राहिला तर ती अरुंद देठावर लोंबत राहतात, त्यांना पीळ पडू शकतो, आणि पीळ पडला की रक्तपुरवठाच तुटतो. बहुतेकांना हे पहिल्या महिन्यातच होतं, तसं त्यालाही झालं. बॉस्टनचे सर्जन विल्यम लॅड यांनी १९३६ साली मांडलेलं ऑपरेशन आजही करतात. पीळ सोडवायचा, आडवे आलेले पडदे कापायचे, देठ रुंद करायचा, लहान आतडं उजव्या अंगाला आणि मोठं डाव्या अंगाला ठेवायचं. अपेंडिक्स बहुधा काढूनच टाकतात, कारण नव्या मांडणीत ते डावीकडे जातं आणि पुढे कधी सुजलं तर ओळखू येणार नाही. आमच्या बाबतीत थोडं आतडं काळं पडलेलं होतं. लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली झडप काढावी लागली.

डिस्चार्ज कार्डावर यातलं काहीच नव्हतं. 'आतड्याची शस्त्रक्रिया, प्रकृती समाधानकारक' एवढीच ओळ. ह्यांचा स्वभाव चिकट. रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी ऑपरेशन नोटची पूर्ण प्रत मिळवली. मला तेव्हा तो अट्टहास वाटला होता. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमावलीनुसार भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षं! ज्या दुखण्यांबद्दल मी लिहिते आहे त्यातली बरीचशी त्यानंतर उगवतात. म्हणून प्रत घरी आणायची आणि तिच्यात चार गोष्टी आहेत का ते बघायचं: कुठला भाग काढला, किती सेंटिमीटर काढला, किती उरला, झडप आणि अपेंडिक्स आहेत की गेले. भाषा समजत नसेल तर डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावं. चांगले डॉक्टर त्याला नाही म्हणत नाहीत.

तो दुसरीत असताना ऐन गौरी-गणपतीत पोटात दुखायला लागलं. कळ यायची, तो पाय पोटाशी घ्यायचा, थोड्या वेळाने उठून खेळायला जायचा. मोदक जास्त झाले असं घरात ठरलं. सासूबाईंनी बेंबीला हिंग लावला, ओव्याचं पाणी दिलं. संध्याकाळी उलटी झाली, पिवळट नव्हे, गडद हिरवी. 'पित्त पडलं, आता बरं वाटेल,' असं कुणीतरी म्हणालं. गल्लीतल्या दवाखान्यातही गॅस्ट्रो म्हणून उलटी थांबवायचं इंजेक्शन मिळालं. पण सकाळपासून त्याला शी नव्हती, वारा सरला नव्हता आणि पोट ताठ होत चाललं होतं. गॅस्ट्रोत जुलाब होतात. इथे सगळंच बंद.

मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी पोटाची उजवी बाजू दाबली आणि अपेंडिक्सचा संशय घेतला. अपेंडिक्स बाळपणीच काढलंय हे मी ऑपरेशन नोटवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा चर्चा वळली. उभं करून एक्स-रे काढला, त्यात आतड्यात हवा आणि पाणी पायऱ्यापायऱ्यांनी साचलेलं दिसलं. आतडी चिकटली होती. पोट उघडलं की आत व्रण भरताना तंतू तयार होतात आणि शिवताना अस्तर चुकून वरच्या कापडाला टाचलं जावं तशी आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला धरून बसतात. असा अडथळा ऑपरेशननंतर पहिल्या दोन वर्षांत जास्त होतो, पण नंतर कधीच होणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. आणि आमच्या मुलाच्या बाबतीत पुन्हा पीळ पडल्याची शक्यताही आधी तपासावी लागली.

नाकातून नळी घातली. पिशवीत हिरवं पाणी जमायचं, सिस्टर ते मिलिलिटरमध्ये मोजून लिहायच्या आणि तेवढंच सलाइन वाढवायच्या. तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. पुष्कळ मुलांचा अडथळा असा पोटाला विश्रांती देऊन सुटतो. नाही सुटला, किंवा ताप, सततची वेदना, रक्त दिसलं, तर पुन्हा ऑपरेशन. आमचा सुटला. त्याने वारा सोडला तेव्हा वॉर्डात पेढे वाटावेसे वाटले.

तेव्हा पोटाचं ऑपरेशन झालेल्या मुलाला हिरवी उलटी झाली तर तो अडथळाच आहे असं धरून चालायचं, आणि जिथे एक्स-रे आणि सर्जन आहेत अशा ठिकाणी थेट जायचं. वाटेत शहाळं, इलेक्ट्रॉल, जुलाबाचं औषध, एनिमा, काहीही द्यायचं नाही. सांगताना 'पोट दुखतंय' एवढं म्हणू नका. पहिल्या वाक्यात ऑपरेशन सांगा, दुसऱ्यात हिरवी उलटी.

दुसरी गोष्ट मात्र अशी धावत आली नाही. सहावी-सातवीत तो चिडका झाला, जिना चढताना दमायचा, जीभ लाल आणि गुळगुळीत दिसायची. अभ्यास टाळतो म्हणून बोलणी खायचा. हिमोग्लोबिन कमी निघालं आणि लोहाचं टॉनिक सुरू झालं, फरक शून्य. मग एकदा म्हणाला, 'आई, पायात मोजे नसले तरी घातल्यासारखं वाटतं.' तपासणीत बी-१२ अगदी तळाला. 'आपल्याकडे शाकाहारी लोकांत सगळ्यांचंच कमी असतं,' असं म्हणून गोळ्या मिळाल्या. विधान खोटं नाही, म्हणूनच ते घातक. बी-१२ शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात, आणि ते टोक तर आमच्याकडे नव्हतंच. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे ऑपरेशनशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. अशा मुलांना बहुधा इंजेक्शनंच लागतात, तीही जन्मभर. नुसतं फोलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

त्याच टोकात पित्तक्षारही परत शोषले जातात. ते मोठ्या आतड्यात उतरले की पातळ जुलाब लागतात आणि घरचे दूध बंद, पोळी बंद, असं करत मुलाला वाळवतात. त्यावर वेगळं औषध असतं. झडप नसली की मोठ्या आतड्यातले जंतू वर सरकून पोट फुगवतात. तेही उपचाराने आटोक्यात येतं. फार आतडं गेलेल्या मुलांना मुतखडे, पित्ताचे खडे होऊ शकतात. हे सगळ्यांना होतंच असं नाही. पण वर्षातून एकदा उंची-वजन तक्त्यावर मांडणं, रक्तात बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व बघणं यात घरचं काही जात नाही. मूल 'किरकोळ अंगाचं' आहे हे आजीचं मत; तक्त्यावरची रेघ दोन वर्षं खाली घसरत असेल तर तो वैद्यकीय प्रश्न आहे.

शाळेत वर्गशिक्षिकांना चिठ्ठी दिली होती की त्याला शौचाला जायचं असेल तर अडवू नका, आणि उलटी झाली तर घरी पाठवू नका, मला फोन करा. बाई समजूतदार होत्या. त्यांच्या जागी पुढच्या वर्षी आलेल्यांना परत सगळं सांगावं लागलं.

आता तो अठरा पूर्ण करतोय, म्हणजे बालशल्यचिकित्सकांकडची फाइल बंद होणार. मोठ्यांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे आम्ही आधीच एकदा जाऊन आलो, जुने डॉक्टर हाताशी आहेत तोवर पत्र घेऊन. ऑपरेशन नोटचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आहे, हॉस्टेलच्या खोलीतल्या मित्राकडेही. तिमाही इंजेक्शनची तारीख तो स्वतः लक्षात ठेवतो; मी विचारलं की वैतागतो, तरी विचारते.