कृष्णधवल चौकटीत हरवणारा माणूस

प्रश्न : मंडईत काढलेली माझी कृष्णधवल छायाचित्रे गिचमीड दिसतात, मुख्य व्यक्ती डोळ्यांत भरतच नाही. रचना कशी सुधारावी?

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ बहुधा रंगात आहे. हिरव्या दारापुढे बसलेली लाल लुगड्यातील भाजीवाली प्रत्यक्षात कितीही उठून दिसली, तरी त्या दोन रंगांची उजळता सारखी असली म्हणजे चित्रात दोन्ही एकाच करड्या छटेत विलीन होतात, आणि लुगड्याचा काठ कोठे संपला व दाराची फळी कोठे सुरू झाली याचा पत्ता लागत नाही. भिंगावर लाल फिल्टर चढविल्यास लुगडे उजळेल, दार काळवंडेल. परंतु नजरेलाच छटा ओळखण्याची सवय लावणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

दुसरे असे की, माणसाचा पाठलाग करण्यापूर्वी पार्श्वभूमी मुक्रर करावी. छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली फ्रान्समधील इएर येथे टिपलेले चित्र अवश्य न्याहाळावे : वरून पाहिलेला दगडी जिना, त्याचा वळत जाणारा लोखंडी कठडा, आणि या स्थिर, सुस्पष्ट रेषांनी मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याच्या अल्पशा भागातून निघालेला, वेगामुळे किंचित धूसर झालेला सायकलस्वार. जिन्याविना तो सायकलस्वार सामान्यच ठरला असता. आपणही सकाळच्या तिरप्या उन्हात एखादी उजळ भिंत निवडून, १/२५० सेकंद व एफ/८ अशी तजवीज आधीच करून थांबावे, आणि येणाऱ्याचे डोके खांबाला वा दुसऱ्याच्या खांद्याला न चिकटता दोन्ही पावले विलग दिसतील, त्याच क्षणी कळ दाबावी.