मत्स्यपेटीचे गणित



हल्ली आपल्या घरांतून नातवंडांच्या वाढदिवसाला काचेची मत्स्यपेटी भेट देण्याची हौस वाढली आहे. भेट चांगलीच आहे. पण ही भेट म्हणजे खेळणे नव्हे, तिच्यात जीव आहेत. पहिल्या आठवड्यात पेटी रंगीबेरंगी दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादा मासा उताणा तरंगू लागतो, मग दुसरा. मूल रडते. आई म्हणते, "तूच जास्त खायला घातलेस." दुकानदार म्हणतो, "जात नाजूक होती." पुष्कळदा खरे कारण तिसरेच असते: पेटीच्या मानाने मासे जास्त होते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण माशांनाही लागू आहे. फरक एवढाच की अंथरूण आपण निवडतो आणि पाय त्यांचे असतात. म्हणून हिशेब मासे आणण्यापूर्वीच करावा. त्याला सातवीच्या पलीकडचे गणित लागत नाही. एक साधे उदाहरण घेऊन तो पायरीपायरीने करू.

पायरी पहिली : पेटीत पाणी खरोखर किती?

समजा, पेटी बाहेरून ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि ४० सें.मी. उंच आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची केली की ७२,००० घन सें.मी. येतात. १,००० घन सें.मी. म्हणजे एक लिटर. म्हणून दुकानात या पेटीला ७२ लिटरची पेटी म्हणतात.

आता आतून मोजा. काचेची जाडी वजा जाता लांबी सुमारे ५९ व रुंदी सुमारे २९ सें.मी. भरते. पाणी काठोकाठ भरत नाही. तळापासून ३५ सें.मी.पर्यंत भरले असे धरू. ५९ × २९ × ३५ = ५९,८८५, म्हणजे सुमारे ६० लिटर. तळाशी ५ सें.मी. जाडीचा बारीक खडीचा थर आहे. खडीच्या फटींत पाणी राहते, तरी खडी स्वतः सुमारे ५ लिटर जागा व्यापते. दगड आणि लाकडाचा ओंडका यांचे २ लिटर धरा. उरले ५३ लिटर. दुकानातले ७२ लिटर घरी येईपर्यंत त्याच्या पाऊण हिश्शावर आले.

आकडेमोडीचा कंटाळा असेल तर पेटी प्रथम भरताना मापाच्या बादलीने भरा आणि बादल्या मोजा. हे उत्तर सर्वांत खरे. त्याच वेळी वजनाचाही विचार करा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. काच, खडी आणि पाणी मिळून ही पेटी ८० किलोच्या वर जाते. सलोनमधल्या नाजूक टेबलावर ती ठेवू नये.

पायरी दुसरी : पाण्याप्रमाणे मासे

जुन्या इंग्रजी पुस्तकांत एक सोपा नियम सापडतो : एका गॅलनला एक इंच मासा. येथे पहिला खड्डा आहे. आपण भारतात शाळेत जो गॅलन शिकलो तो ब्रिटिश, सुमारे ४.५५ लिटरचा. अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा. हा नियम बहुधा अमेरिकन गॅलनने सांगितला जातो. मेट्रिकमध्ये आणला तर सुमारे दीड लिटर पाण्याला एक सेंटिमीटर मासा असा होतो. आपल्या ५३ लिटरला १.५ ने भागले की ३५ सें.मी. मिळतात.

पण हे ३५ सें.मी. कशाचे? दुकानातल्या पिल्लाचे नव्हे, पूर्ण वाढलेल्या माशाचे. शेपूट सोडून लांबी मोजावी. दुकानात दोन सें.मी.ची दिसणारी गोल्डफिश हे पिल्लू असते. साधी गोल्डफिश नीट वाढली तर २० सें.मी.च्या वर जाते आणि दहा-पंधरा वर्षेही जगते. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न "केवढ्याला?" असा नसावा, "केवढा होतो?" असा असावा.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. हा नियम फक्त लहान, सडपातळ माशांना लागू आहे, म्हणजे पाच-सहा सें.मी.पर्यंत वाढणाऱ्यांना. कारण लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते आणि वजन आठपट होते. तीन सें.मी.चे दहा मासे आणि तीस सें.मी.चा एक मासा यांची एकूण लांबी सारखीच. पण बांधा सारखा धरला तर मोठ्या माशाचे वजन एका लहान माशाच्या १,००० पट, म्हणजे दहांच्या मिळून १०० पट. मोठा प्राणी वजनाच्या मानाने थोडे कमी खातो, म्हणून त्याचे खाणे आणि श्वास शंभरपट होत नाहीत. तरी ते त्या दहांच्या मिळून दहापटीहून जास्त होतात. फूटपट्टी ही गोष्ट सांगत नाही.

पायरी तिसरी : पाण्याची पाठ

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. तो पाण्यात येतो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. म्हणून पाणी किती खोल, यापेक्षा ते हवेला किती भिडलेले आहे हे महत्त्वाचे. आपल्या पेटीचा पृष्ठभाग ५९ × २९ = १,७११ चौरस सें.मी. आहे.

पाळणाऱ्यांचे जुने प्रमाण असे : उष्ण प्रदेशातील गोड्या पाण्याच्या माशाला दर सेंटिमीटरमागे ३० चौरस सें.मी. पृष्ठभाग, गोल्डफिशसारख्या थंड पाण्याच्या माशाला ७५, आणि खाऱ्या पाण्याच्या माशाला १२०. आपल्या पेटीत पहिल्या प्रकारचे ५७ सें.मी. बसतात, दुसऱ्याचे सुमारे २३ आणि तिसऱ्याचे फक्त १४. एलातला तांबड्या समुद्रातले मासे पाहून आलेल्या नातवाला हा शेवटचा आकडा जरूर दाखवा.

काचेचा गोल कुंभ पाहा. त्याचा व्यास मध्ये ३० सें.मी. आणि तोंडाशी १५ सें.मी. असेल, तर अर्धा भरल्यावर पृष्ठभाग सुमारे ७०७ चौरस सें.मी. असतो, तोंडापर्यंत भरला की १७७. पाणी वाढले आणि श्वासाची जागा चौथाईवर आली. गोल्डफिशच्या हिशेबाने अर्ध्या कुंभात ९ सें.मी.चा मासा आणि भरल्या कुंभात सव्वादोन सें.मी.चा. वाढलेली गोल्डफिश कशातच बसत नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून असे कुंभ आपल्यापैकी पुष्कळांनी हौसेने घरी नेले असतील. ते शोभेला चांगले, माशाला नव्हेत.

पायरी चौथी : उन्हाळ्याचा हिशेब

ही पायरी आपल्या येथे फार महत्त्वाची. २० अंश उष्णतेला एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसात. उलट, उष्णता दहा अंशांनी वाढली की माशाची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे जमा घटते त्याच वेळी खर्च वाढतो.

आपल्या पेटीत ३० अंशांना ५३ × ७.५ = सुमारे ४०० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. हा आकडा किती लहान आहे हे कळण्यासाठी सोड्याची दीड लिटरची बाटली डोळ्यांपुढे आणा. ती रिकामी असताना तिच्यात जेवढी हवा असते, तेवढ्या हवेत जवळजवळ इतकाच प्राणवायू असतो. संपूर्ण पेटीची शिल्लक एवढीच. पंप आणि फिल्टर पाणी हलवत असतात तोवर ती भरून निघते. बेर-शेवा किंवा दिमोनात खमसीनच्या दिवसांत वीज गेली की भरणे मंदावते. पाणवनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्याही घेतात. म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची, आणि त्या वेळी दुकानदार जवळ नसतो. पेटीचा हिशेब चांगल्या दिवसासाठी करू नये, अशा पहाटेसाठी करावा.

सकाळी दिवा लावण्यापूर्वी पाहा. सगळे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करत असतील तर पाण्याने उत्तर दिले आहे. गुरामी आणि बेट्टा यांना मात्र हवेतून श्वास घेण्याचे खास इंद्रिय असते. ते अधूनमधून वर आले तर घाबरू नये.

उत्तर कोणते धरावे?

पाण्याने ३५ सें.मी. सांगितले, पृष्ठभागाने ५७. दोन उत्तरे आली तर लहान ते खरे धरावे. ३५ सें.मी. म्हणजे साडेतीन सें.मी.चे दहा निऑन टेट्रा. हा मासा कळपाने राहणारा आहे. सहाहून कमी ठेवले तर बुजून राहतो, म्हणून दहा ही संख्या त्याला मानवते. गप्पी घ्यायचे तर सर्व नर घ्यावेत. मादी दर महिन्याला वीस-तीस पिल्ले सहज देते आणि एकदा नराशी संग झाला की पुढे कित्येक महिने नराशिवायही देत राहते. मग आपले सारे गणित पाण्यात जाते. या पेटीत गोल्डफिश मात्र एकही घेऊ नये.

ताळा

आपल्या वेळी भागाकार झाला की ताळा करून पाहावा लागे. येथेही करावा. माशाच्या श्वासातून व विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. फिल्टरमधील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून दहा मासे एका दिवशी सोडू नका. आधी तीन सोडा, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री करा, मग पुढचे. मत्स्यपेटीच्या दुकानात तपासणीचे थेंब मिळतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारणारे थेंबही तेथेच घ्यावेत.

नायट्रेट राहते ते आपण पाणी बदलून काढतो. समजा, ते आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम वाढते आणि आपण दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो. काही आठवड्यांनी पाणी बदलण्यापूर्वीचा आकडा १० ÷ १/४ = ४० वर स्थिरावतो. ४० च्या आत राहावे असा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण प्रघात आहे. मासे दुप्पट केले तर वाढ २० होईल आणि आकडा ८० वर जाईल. तो ४० वर आणायला दर आठवड्याला अर्धे पाणी बदलावे लागेल. नळाच्या पाण्यातच नायट्रेट असेल तर तेही मोजून यात मिळवावे. म्हणून दुप्पट मासे घेण्यापूर्वी घरात एकच प्रश्न विचारावा : दर आठवड्याला बादल्या कोण उचलणार?

नातवंडांसाठी अभ्यास

एक पेटी आतून ८० सें.मी. लांब व ३५ सें.मी. रुंद आहे. पाणी तळापासून ४० सें.मी. भरले आहे. खडी आणि दगडांनी १२ लिटर जागा घेतली. (१) पाणी किती लिटर? (२) चार सें.मी.पर्यंत वाढणारे उष्ण प्रदेशातील मासे किती बसतील? (३) १८ सें.मी.पर्यंत वाढणाऱ्या गोल्डफिश पृष्ठभागाच्या नियमाने किती बसतील?

उत्तरे : (१) १०० लिटर. (२) पाण्याने ६६ सें.मी., पृष्ठभागाने ९३. लहान उत्तर धरून १६ मासे. (३) २,८०० ÷ ७५ = ३७ सें.मी., म्हणजे दोन.

मुलाने सोळाऐवजी तीस मासे मागितले तर त्याला "नको" म्हणू नका. कागद-पेन्सिल द्या आणि हेच उदाहरण त्याच्याकडून सोडवून घ्या. आपण काढलेले उत्तर मूल सहसा मोडत नाही.