परत आलेले हातमोजे

रात्रपाळीत अपघात झाला की सकाळचा चहा यायच्या आत त्याचं कारण लिहून तयार असतं: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. भोसरी-चाकण पट्ट्यात सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी करताना हे दोन शब्द इतक्या वेळा वाचले, की पुढे पुढे मी अहवाल खालून वर वाचू लागलो. ‘उपाययोजना’च्या रकान्यात ‘कामगारास समज दिली’ एवढंच असलं, तर वरच्या हकिकतीत हाताला काही लागणार नाही, हे आधीच कळायचं.

ज्या प्रकरणाबद्दल लिहायला बसलोय, त्याचाही अहवाल असाच तयार झाला होता. आमच्या कंपनीला पत्र्याचे सुटे भाग पुरवणारं एक छोटं प्रेस शॉप. शंभर टनी पॉवर प्रेस, तिसरी पाळी, ठेकेदाराकडचा विशीतला मुलगा. डाव्या हाताची दोन बोटं डायमध्ये सापडली. प्रेस दोन बटणांचा होता. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच रॅम खाली यावा, म्हणजे तेवढा वेळ हात डायबाहेरच राहतील, अशी ती रचना. पण डाव्या बटणात पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलेलं होतं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने माल. अहवालात लिहिलं होतं, ‘सुरक्षा साधनात जाणूनबुजून फेरफार.’ मालकांनी मला बोलावलं ते खरं तर या कागदावर मान डोलवायला.

मी पाचर बघायला मागितली. सुपरवायझरने ती ‘पुरावा’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवली होती, ते फार बरं झालं, कारण अर्धी चौकशी त्या तुकड्यानेच केली. भंगारातल्या पत्र्याची पट्टी, बटणाच्या फटीत नेमकी बसेल अशी वाकवलेली, आणि कडा कानशीने घासून गोल केलेल्या. रात्री दोन वाजता आकडा गाठायच्या घाईत कोणी कानस घेऊन बसत नाही. ती सवडीने केलेली वस्तू होती आणि वापरून वापरून तेलकट काळी पडली होती. मुलगा तर त्या मशीनवर नुकताच आलेला. शेजारच्या प्रेसवर तशीच दुसरी पाचर सापडली. हरवू नये म्हणून तिला सुतळी बांधली होती.

बाकी पुरावा मात्र गेला होता. मशीन पुसून काढलेलं, डाय उतरवून टूल रूममध्ये, आणि त्या रात्रीचा माल पुढच्या ऑपरेशनला रवाना. यात लबाडी असतेच असं नाही. रक्त दिसलं की माणसं पाणी ओततात. म्हणून आधीच ठरवून, सगळ्या पाळ्यांच्या सुपरवायझरना सांगून ठेवावं: जखमी माणसाला सोडवणं आणि धोका थांबवणं, एवढ्यापुरताच मशीनला हात लावायचा. मग मेन स्विच बंद, त्याला कुलूप, भोवती दोरी, आणि कोणीतरी मोबाइलवर फोटो काढायचे. डाय, बटणं, माल ठेवायची जागा, उजेड, जमिनीवरचं तेल, सगळ्यांचे. तुटलेलं बोट सापडलं तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावं, पिशवीचं तोंड घट्ट बांधावं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून जखमीबरोबरच पाठवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये, त्याने पेशी मरतात. प्रेसखाली चिरडलेलं बोट बहुधा जोडता येत नाही, पण तो निर्णय सर्जनचा.

मुलाला भेटलो तेव्हा ठेकेदार उशाशी बसून होता. मी काही विचारायच्या आधीच मुलगा म्हणाला, “चूक माझीच झाली, साहेब.” हे वाक्य मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलंय. वेदना, नोकरीची धास्ती आणि समोर बसलेला ठेकेदार, यांतून आलेला कबुलीजबाब चौकशीच्या कामाचा नसतो. त्याला एवढंच म्हटलं की चूक कोणाची हे मला शोधायचं नाही, तू बरा हो, मग बोलू. ठेकेदाराला ते आवडलं नाही.

खरी माहिती मिळाली ती मशीनपाशी, दुसऱ्या पाळीतल्या एका जुन्या ऑपरेटरकडून. केबिनमध्ये बोलावलं की माणूस नियमाची उत्तरं देतो. मशीन बंद करून “मामा, हा भाग कसा काढता ते दाखवा” असं म्हटलं की हात खरं बोलतात. मामांनी दाखवलं. भाग डायमध्ये अडकायचा. आतल्या इजेक्टरची स्प्रिंग मेलेली, त्यामुळे तो वर उचलला जायचा नाही आणि बोटं घालून उपटावा लागायचा. स्प्रिंग बदलायची स्लिप टूल रूममध्ये पडून होती. भाग काढायला चुंबकाचे चिमटे होते, पण ते स्टोअरच्या कपाटात, आणि किल्ली दिवसपाळीच्या स्टोअरकीपरकडे. “आणि पाचर?” असं विचारल्यावर मामा हसले. “तुम्ही दोन्ही बटणं दाबून आकडा काढून दाखवा साहेब, लगेच फेकतो.”

आकडा म्हणजे तासाचं टार्गेट. मी टाइम स्टडीचा कागद मागवला. त्यात एका हाताने बटण दाबताना दुसरा हात पुढचा पत्रा उचलताना दाखवला होता. दोन्ही हात बटणांवर असतील तर हे शक्यच नाही. म्हणजे ज्या दिवशी मोजणी झाली त्या दिवशी पाचर बसलेली होती, मोजणाऱ्याने ती पाहिली किंवा पाहिली नाही, आणि त्यातून निघालेला आकडा फळ्यावर लागला. त्यानंतर त्या मशीनवर आलेल्या प्रत्येकाला पाचर मारणं भागच होतं. नियम भिंतीवर होता आणि पगार फळ्यावर. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तो होता, पण पहिल्या अहवालाला तो जोडलेलाच नव्हता.

‘निष्काळजीपणा’ हे कारण पडताळून पाहायची एक सोपी युक्ती सांगतो. जखमी माणसाच्या जागी त्याच पाळीतला दुसरा, समंजस माणूस उभा करा आणि विचारा: यानेही तेच केलं असतं का? उत्तर हो आलं, तर माणूस बदलून काही होणार नाही.

सगळं माणसावर ढकलायच्या या खोडीला जुना इतिहास आहे. अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिशने १९३१ साली पुस्तक लिहून मांडलं, की शंभरातले ८८ अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्याने होतात. सुरक्षेच्या वर्गात आजही हा आकडा फेकला जातो. पण तो आला कुठून? विम्याच्या दाव्यांतून आणि कारखान्यांच्या अहवालांतून, आणि त्यातले बरेच सुपरवायझरने लिहिलेले. सुपरवायझर कारण म्हणून काय लिहितो, ते वर सांगितलंच आहे.

‘पाच वेळा का विचारा’ ही टोयोटाची पद्धत आपल्याकडे लोकप्रिय आहे, चांगलीही आहे. फक्त ती एकाच धाग्याने खाली जाते. इथे स्प्रिंग, किल्ली, टार्गेट आणि बटणांचं वायरिंग असे चार धागे होते. ‘का’ विचारत एकावरूनच खाली उतरला असतात तर टूल रूमच्या फोरमनला मेमो देऊन फाइल बंद झाली असती.

वायरिंगचं सांगायचं राहिलं. दोन बटणांचा कंट्रोल नीट बनवला असेल तर पाचर चालतच नाही. प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सोडावी लागतात आणि पुढच्या वेळी दोन्ही साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात, नाहीतर प्रेस हलत नाही. इथे पैसे वाचवायला बटणं नुसती एकापुढे एक सिरीजमध्ये जोडली होती. तुमच्याकडे कसं आहे ते आजच पाहा. डाय रिकामी ठेवा, जवळ कोणी नको, एक बटण दाबून धरा आणि दुसरं दाबून सोडून पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा रॅम खाली आला तर तो कंट्रोल निव्वळ दिखाऊ आहे. मालक म्हणाले, “त्यापेक्षा सरसकट लाइट कर्टन लावून टाकू.” त्यांच्याकडचे काही प्रेस जुन्या चावी-क्लचचे होते. तो क्लच एकदा लागला की पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. हात मध्ये आल्याचं किरणांना कळलं तरी रॅम थांबणार नसतो. अशा प्रेसवर लाइट कर्टन म्हणजे खोटा धीर. तिथे डायभोवती पक्की जाळीच हवी, जिच्यातून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही.

आता हातमोजे. त्या कारखान्यात जुना हातमोजा दिल्याशिवाय नवा मिळत नसे. काटकसरीचा नियम. स्टोअरकीपरने परत आलेले हातमोजे खोक्यात साठवले होते, भंगारवाल्याला द्यायला. मी ते टेबलावर ओतले. पत्र्याच्या धारेने कापलेला हातमोजा तळव्यावर तिरका फाटतो. यांतल्या काहींची टोकं चेपून सपाट झालेली, कडेला डायची सरळ रेघ उमटलेली, आणि ते बहुतेक डाव्या हाताचे. प्रत्येक हातमोजा म्हणजे थोडक्यात वाचलेलं एक बोट. एकाचीही नोंद नव्हती, कारण ‘नीअर मिस’ लिहिणाऱ्याला आधी विचारलं जायचं की हात आत गेलाच कसा.

तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात धोके शोधायला गेलो की चेकलिस्ट घेऊन फिरण्याआधी स्टोअरमध्ये जातो. परत आलेले हातमोजे, प्रथमोपचार पेटीतल्या बँडेजचा खप, मेंटेनन्सच्या न मिटलेल्या स्लिपा, मशीनच्या मागे लपवलेल्या काठ्या, आकडे, सळया. ही कामगारांनी स्वतः बनवलेली हत्यारं जिथे दिसतील, तिथे मशीन आणि काम यांचं पटत नाही, असं समजावं. आणि फेरी सकाळी अकराला, साहेबांबरोबर, नव्या हेल्मेटमध्ये करू नये. डाय बदलताना, मशीन बिघडल्यावर, पाळी सुटताना आणि महिनाअखेरीला माल निघायच्या घाईत जावं.

ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. काही धोके आधी खूण देत नाहीत. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. माणसाला वाटतं, हवा बरी झाली. मग पहिला पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. तिथे कोणताही खोका उघडून काही समजणार नाही. आत उतरण्याआधी यंत्राने वायू मोजायचा, वारा खेळवायचा, लेखी परवाना घ्यायचा, आणि वर दोरी-तिपाई घेऊन असा माणूस उभा करायचा जो काही झालं तरी आत उडी मारणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे अपघातामुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर त्याची सूचना सरकारी अधिकाऱ्यांना द्यावी लागे. त्यावर शोधलेली पळवाट म्हणजे पट्टी बांधलेल्या माणसाला गाडीने आणून टाइम ऑफिसपाशी बसवायचं आणि हजेरी लावायची. असं कोणी तुम्हाला बसवलं, तर पगार मिळतोय म्हणून गप्प बसू नका. पुढे ईएसआयकडून अपंगत्वाचा लाभ मागताना अपघाताचा कागदच नसतो. भोपाळनंतर १९८७ साली याच कायद्यात भर घातली गेली. सुरक्षा समितीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान असावेत आणि जिवाला धोका जवळ आलाय असं वाटलं तर ते थेट वरिष्ठांना आणि निरीक्षकालाही सांगायचा हक्क कामगाराला असावा, या गोष्टी त्यातल्या. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला, तेव्हा कलमांचे आकडे आता नव्याने पाहावे लागतात.

त्या प्रेस शॉपमध्ये शेवटी बटणांना योग्य रिले बसला, चिमटे मशीनलाच साखळीने अडकवले, स्प्रिंग बदलली आणि टाइम स्टडी नव्याने झाली. भाग आपोआप वर यायला लागल्यावर दोन्ही बटणं दाबूनही माल जुन्या आकड्याच्या जवळपास निघू लागला. थोडा कमीच. त्या थोड्यावरून आमच्या खरेदी विभागाशी माझं जे वाजलं, ते इथे लिहीत नाही. मुलाला इन्स्पेक्शनच्या टेबलावर घेतलं. अहवाल बदलून लिहायला मालक तयार होते, फक्त जुना काढून टाकू द्या म्हणाले. मी दोन्ही ठेवले.

काही आठवड्यांनी न कळवता तिसऱ्या पाळीत गेलो. त्या प्रेसवर दुसऱ्याच भागाची डाय चढली होती, तिला इजेक्टर नव्हताच, आणि ऑपरेटर लांब स्क्रू-ड्रायव्हरने भाग उचकटत होता. दोन्ही बटणं नीट दाबत होता, बिचारा. सुपरवायझरला मशीन थांबवायला लावलं आणि टूल रूमची स्लिप तिथेच लिहून घेतली, तारीख घालून. नंतर दर सोमवारी त्या स्लिपचं काय झालं ते फोन करून विचारत होतो.