काळीत घर बांधताना

वर्धा, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर या पट्ट्यात घरांचे पाये घालण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. घर बांधायला निघालेली माणसं टाइल्सबद्दल विचारतात, ओट्याच्या ग्रॅनाइटबद्दल विचारतात. खाली माती कोणती आहे, हे फार थोडे विचारतात. त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. जुन्या लोकांनी घरं पांढरीवर बांधली आणि काळीत कापूस पेरला. गावठाण बहुधा उंचवट्यावर, निचऱ्याच्या जागी असायचं. पांढरीची माती पाण्यानं फारशी फुगत नाही, म्हणून चिखलात रचलेल्या दगडांचे पायेही तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. पुढे गावठाण भरलं, वावरं अकृषक झाली, लेआउट पडले. परवापर्यंत जिथे पऱ्हाटी उभी होती, तिथे आज दोन खोल्या आणि ओसरी उभी राहते. माती बदलली, पाया घालायची सवय मात्र गावातलीच राहिली: तीन फूट खोदा, तळाला गिट्टीचा थर द्या आणि जोत्यापर्यंत बांधकाम उचला. माझ्या पाहण्यातली बहुतेक तडकलेली घरं याच सवयीची आहेत.

२. काळी माती ओझ्यानं जितकी हलते, त्याहून जास्त पाण्यानं हलते. बसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरलं की थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते; पाणी गेलं की आकसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की वावरातल्या भेगेत पऱ्हाटीची काडी टाकून बघा, हातभर आत जाते. श्रावणात तीच भेग शोधून सापडत नाही. घराखालीही हेच चालू असतं, पण सगळीकडे सारखं नाही. मधल्या खोलीखालची माती झाकलेली असते, तिची ओल टिकते. कडेची माती उन्हाळ्यात सुकून बसते, पावसाळ्यात फुगून वर येते. मधला भाग जागेवर आणि कोपरे मात्र वरखाली, अशी ओढाताण झाली की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. एक जुना मिस्त्री म्हणायचा, ‘‘साहेब, काळी कुठं एका जागी राह्यते का!’’

३. घर हलकं असलं की पाया कसाही चालतो, ही समजूत काळीत साफ खोटी ठरते. फुगणारी माती खालून वर रेटते. तीन मजली इमारतीचं वजन तो रेटा बऱ्याच अंशी दाबून धरतं. एकमजली घर, संडास-न्हाणी आणि कंपाउंडची भिंत उचलली जाते.

४. प्लॉट घेण्याआधी एक खड्डा खणा. त्याचा खर्च एका खोलीच्या टाइल्सइतकाही येत नाही. वर काळी, मग पिवळट चिकण, त्यात चुनखडीचे खडे, मग मुरूम, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसेल. कारंजा, आष्टीकडच्या बरड जमिनीत मुरूम दोन फुटांवर हाताला लागतो. नदीकाठच्या काळीत बराच खाली जावं लागतं. खड्ड्याच्या बाजूला घासून गुळगुळीत झालेली, चकाकणारी पृष्ठं दिसली, तर ती माती वर्षानुवर्षं फुगत-आकसत स्वतःवरच घसरत आली आहे असं समजा.

प्रयोगशाळेतली एक चाचणी मला फार आवडते. बारीक चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घेऊन दोन मोजपात्रांत टाकतात, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी रॉकेलमधली माती १० मिलीलिटरवर आणि पाण्यातली १६ वर असेल, तर फुगवटा ६० टक्के. ५०च्या पुढचा आकडा आला की मी मालकाला समोर बसवून ती दोन्ही पात्रं दाखवतो. त्यानंतर पायाच्या खर्चावरून वाद होत नाही.

५. मुरूम आवाक्यात असेल तर मुरुमापर्यंत जा, मध्ये थांबू नका. तो फार खोल असेल तर अंडररीम पाइल घाला. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत आपल्याकडे विकसित केली. बारीक खांब जमिनीत उतरवायचा आणि तळाशी त्याला खांबाच्या अडीच पट रुंद फुगारा द्यायचा, म्हणजे वरची माती ओढली तरी तो उपटत नाही. भारतीय मानकानुसार काळीत या पाइलची लांबी किमान साडेतीन मीटर हवी, कारण ऋतूंची ओल-कोरड तिथवर पोचते. वरचा बीम जमिनीला टेकवायचा नाही; खाली ८० मिलिमीटर तरी पोकळी हवी. ही पोकळी मिस्त्री मंडळींना वाया गेलेली जागा वाटते आणि कोणी बघत नसताना ते ती भरून टाकतात. त्या दिवशी स्वतः उभे राहा.

६. जोत्यात खोदकामाचीच काळी परत भरू नका. मुरूम आणा, वीतभर थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी दाखवून दिलं होतं की न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा मीटरभर थर खालच्या काळीचा फुगवटा रोखून धरतो. आपला मातकट मुरूम या कामाला चांगला.

७. घर बांधून झालं की खरी राखण सुरू होते. भोवती चार फुटांची ढाळ दिलेली फरशी करा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नका. शोषखड्डा जितका लांब जाईल तितका न्या. न्हाणीचा फुटका पाइप वर्षभर गळत राहिला तर तेवढाच कोपरा वर येतो आणि लोक गवंड्याला दोष देतात. कडुनिंब, पिंपळ यांची मुळं पायाखालची ओल ओढतात. झाड पूर्ण वाढल्यावर जितकं उंच होईल, तितकं अंतर ठेवून लावा. आणि भिंतीजवळचं मोठं झाड एकाएकी तोडलं तर उलटा प्रकार होतो: ओल परत येते, माती फुगते.

८. तडा दिसला की लगेच पुट्टी भरू नका. काचेची पट्टी तड्यावर आडवी चिकटवा, तारीख लिहा, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही जाऊ द्या. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारा तडा मातीच्या श्वासाचा आहे. एकाच दिशेनं वाढणारा असेल तर आधी गळती शोधा.

९. सेवाग्रामला १९३६मध्ये गांधीजी राहायला आले, त्या वेळची घरं माती, बांबू आणि कवेलूंची. अशा भिंतीला जमिनीची थोडी हालचाल सोसते. भेग पडली तर शेणामातीनं लिंपून काम भागतं. विटा-सिमेंटची भिंत ताठ, ती तडकतेच. आज घरकुलाला ठरावीक अनुदान मिळतं, मग ते घर बरडावर असो की काळीत. काळीतला माणूस त्यातले पैसे पायात घालतो तेव्हा छपराला कमी पडतात, आणि छपराला ठेवतो तेव्हा पाया अर्धवट राहतो. या घरकुलांना पायासाठी वेगळी रक्कम मिळायला हवी, असं मी जमेल तिथे बोलतो. तोवर ग्रामपंचायतींनी निदान प्रत्येक लेआउटमध्ये एक खड्डा खोदून मुरूम किती फुटांवर लागला, हे दप्तरी लिहून ठेवावं आणि प्लॉट घेणाऱ्याला दाखवावं.