दोन संगणकभाषांमधील देवघेव

मराठी वर्णमालेत 'ळ' येतो तो 'ह'नंतर. युनिकोडमध्ये मात्र तो 'ल'च्या शेजारी, 'व'च्याही आधी बसविलेला आहे. त्यामुळे संगणकाने केवळ युनिकोडच्या अनुक्रमाने यादी अकारविल्हे लावली की 'वेळ' हा शब्द 'वेस'च्या आधी येतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने पायथन आणि सी या संगणकभाषांच्या भानगडीत का पडावे, याचे माझे उत्तर या एका 'ळ'मध्ये आहे.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडविली. पायथन १९९१ साली आली. या दोहोंमधला 'सीटाइप्स' हा दुभाषी २००६पासून पायथनसोबतच मिळतो. सीच्या लायब्ररीत 'क्यूसॉर्ट' नावाचे क्रम लावणारे फंक्शन आहे. त्याला यादीचा पत्ता, घटकांची संख्या, एका घटकाचा आकार आणि तुलना करणारे आपले फंक्शन द्यावे लागते. हे शेवटचे म्हणजेच 'कॉलबॅक'. क्यूसॉर्टला क्रम लावण्याची युक्ती ठाऊक असते, पण कोणता शब्द आधी हे ठाऊक नसते; ते प्रत्येक तुलनेसाठी आपल्या कॉलबॅकला विचारते. उत्तर ऋण आले तर पहिला शब्द आधी, धन आले तर दुसरा. 'ह'नंतर 'ळ' हा निवाडा पायथनमध्ये लिहायचा, राबायचे सीने. (कॉलबॅकच्या हाती प्रत्यक्ष शब्द येत नाही, शब्दाच्या पत्त्याचा पत्ता येतो, येथे प्रथम डोके गरगरते.)

आता शब्द पाठवायचा कसा? सीला अक्षर कळत नाही, बाइट कळतो. शून्य बाइट दिसला की शब्द संपला. यूटीएफ-८ पद्धतीत 'मराठी'मधील म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी ही पाच चिन्हे प्रत्येकी ३ बाइट घेतात. म्हणजे लांबी १५ आणि शेवटच्या शून्यासह जागा १६. 'क्ष' तर एकटाच ९ बाइटांचा! हे रूपांतर न करता आणि प्रकारही न सांगता 'मराठी' तसाच पाठविला, तर लिनक्सवर प्रत्येक चिन्ह ४ बाइटांचे होऊन जाते. 'म'च्या त्या चारांतला तिसराच शून्य असल्यामुळे लांबी मोजणारे 'स्ट्रलेन' निमूटपणे २ असे उत्तर देते. प्रकार आधी सांगून ठेवला असता तर पायथनने तेथेच अडविले असते.

याहून नाजूक प्रश्न मालकीचा. जिला कोणी धरून ठेवलेले नाही अशी वस्तू पायथन मेमरीतून झाडून टाकते. सीने तिचा पत्ता जपून ठेवला आहे, हे पायथनला कळत नाही. क्यूसॉर्टला कॉलबॅक काम संपेपर्यंतच लागतो, म्हणून तेथे भीती नाही. परंतु 'सिग्नल' हे फंक्शन कॉलबॅक ठेवून घेते आणि पुढे केव्हातरी हाक मारते. तोवर ती वस्तू झाडली गेली असेल, तर प्रोग्रॅम कोसळू शकतो. म्हणून तिला पायथनमध्ये एक नाव देऊन शेवटपर्यंत धरून ठेवावे लागते. मजकुराचेही तसेच आहे. 'सेटएन्व्ह' दिलेल्या मजकुराची नक्कल उतरवून घेते. लिनक्सवरील 'पुटएन्व्ह' मात्र नुसता पत्ता ठेवते, आणि मूळ मजकूर सांभाळण्याचे काम आपल्याकडेच राहते.