टँगो : विचारणे, ऐकणे आणि सांभाळून चालणे



गेल्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलामुलींनी 'टँगो' या नावाने एक नाच सादर केला होता, तो आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. लाल-काळे कपडे, दातांत कागदी गुलाब, मुलीला झटक्याने ओढणे आणि गर्रकन फिरवणे. टाळ्या भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी एका पालकांचे पत्र आले, 'शाळेत हे असले नाच कशाला?' आम्ही फारसा विचार न करता त्यावर 'यापुढे नाही' असा शेरा मारला आणि फाईल बंद केली.

आठवड्याभराने त्या नाचातली एक मुलगी कार्यालयात आली. म्हणाली, "सर, चूक नाचाची होती की आमची?" आम्ही उलट विचारले, "तुला काय वाटतं?" ती जरा थांबून म्हणाली, "मला त्यात जायचंच नव्हतं. उंची बघून जोड्या लावल्या. मला कोणी विचारलंच नाही."

दोन्ही गोष्टींवर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या नाचावर आम्ही बंदी घातली, तो नाच मुळात काय आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. म्हणून सुटीत आम्ही त्याविषयी वाचले, जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली, नाचाच्या चित्रफिती पाहिल्या. त्यातून जे कळले ते या अंकात पाठाच्या रूपाने मांडत आहोत.

१. बंदरावर जन्मलेला नाच

दक्षिण अमेरिकेच्या नकाशात रिओ दे ला प्लाता नावाचे रुंद नदीमुख शोधा. त्याच्या एका काठावर अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स आहे आणि दुसऱ्या काठावर उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच दोन शहरांत टँगो आकाराला आला. त्या काळी इटली, स्पेन आणि युरोपातल्या इतर देशांतून लाखो माणसे कामाच्या शोधात तिकडे उतरत होती. १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सचे जवळपास निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. त्यांत एकट्याने आलेले पुरुष फार. घर लांब, भाषा परकी, बायका-मुले समुद्रापलीकडे.

या माणसांनी आपापले सूर सोबत आणले होते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा ताल तिथे आधीच घुमत होता. क्युबाहून आलेला हाबानेरा होता, गावाकडच्या गायकांचा मिलोंगा होता. या सगळ्यांच्या मिसळणीतून टँगो झाला. सुरुवातीला तो गरीब वस्त्यांचा नाच म्हणून प्रतिष्ठित घरांतून नाके मुरडली जात. पुढे १९१३ च्या आसपास पॅरिसला त्याचे वेड लागले, आणि मग घरच्या प्रतिष्ठितांनाही तो गोड वाटू लागला. आपल्याकडच्या गोष्टीची किंमत बाहेरच्याने सांगितल्यावर कळावी, हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही!

साधारण १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानला जातो. १९५५ नंतर राजकीय उलथापालथ झाली, तरुणांच्या आवडी बदलल्या आणि हा नाच मागे पडला. काही जुन्या मंडळींनी मात्र तो नेटाने चालू ठेवला. १९८३ साली 'तांगो आर्हेन्तिनो' हा रंगमंचीय कार्यक्रम पॅरिसमध्ये गाजला आणि जगभर पुन्हा टँगो शिकणारे तयार झाले. २००९ साली युनेस्कोने अर्जेंटिना व उरुग्वे या दोन्ही देशांच्या वतीने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

२. आब्रासो, म्हणजे मिठी

आता ज्या गोष्टीचा संकोच वाटतो, तिच्याकडे वळू. टँगोचा पाया म्हणजे 'आब्रासो'. या स्पॅनिश शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा, यावर आम्ही बराच वेळ घालवला. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. त्यामुळे मनात आधी 'आलिंगन' आले, पण तो शब्द पुस्तकी वाटला. घरच्या मराठीत 'मिठी' आहे, 'गळाभेट' आहे. स्पॅनिश भाषेत मित्राला लिहिलेल्या पत्राच्या शेवटीही 'एक आब्रासो' असे लिहितात. दसऱ्याला सोने देताना आपण गळाभेट घेतो, तसाच जिव्हाळा त्या शब्दात आहे. त्याचा अर्थ केवळ प्रणय नव्हे.

नाचताना ही मिठी अशी असते. नेणाऱ्याचा उजवा हात जोडीदाराच्या पाठीवर. त्याच्या डाव्या हातात तिचा उजवा हात. तिचा डावा हात त्याच्या खांद्यावर किंवा पाठीवर. जवळच्या मिठीत छाती छातीला टेकते. मोकळ्या मिठीत मध्ये अंतर राहते. किती जवळ यायचे हे दोघांच्या सोयीने ठरते.

पारंपरिक टँगोत पावले आधी ठरलेली नसतात, हे सर्वांत महत्त्वाचे. नाच त्या क्षणी घडतो. नेणारा हाताने ढकलत नाही की ओढत नाही. तो आपल्या छातीच्या आणि वजनाच्या हालचालीतून पुढचे पाऊल सुचवतो. जोडीदार अंदाज बांधून आधीच पाऊल टाकत नाही. ती सूचना पोहोचेपर्यंत थांबते आणि मग आपल्या पद्धतीने उत्तर देते. त्या उत्तरावर त्याचे पुढचे पाऊल अवलंबून असते. म्हणून नवशिक्याला आधी गिरक्या शिकवत नाहीत, तर चालायला शिकवतात. दोन माणसांनी एकमेकांचा तोल न बिघडवता एका सुरात चालणे, हेच मूळ कौशल्य.

पूर्वी ब्युनोस आयर्समध्ये तरुण मुले सरावाच्या जागी आपसांतच नाच शिकत. नवा मुलगा आधी मागे जाणाऱ्याची भूमिका शिके आणि ती जमल्यावर त्याला पुढे नेण्याची संधी मिळे. दुसऱ्याला नेण्याआधी, नेले जाताना कसे वाटते ते शिकायचे! वर्गप्रमुख, कर्णधार आणि आम्ही मुख्याध्यापक, सर्वांनीच लिहून ठेवावे असे हे वाक्य आहे. आज अनेक ठिकाणी स्त्रियाही नेतात आणि पुरुषही मागे येतात.

रंगमंचावरचा टँगो वेगळा. त्यात बसवलेली रचना असते, उंच लाथा आणि उचलणे असते. तीही कलाच आहे, पण ती प्रेक्षकांसाठी आहे. ब्युनोस आयर्सच्या जागतिक टँगो स्पर्धेत २००३ पासून दोन्ही प्रकार वेगवेगळे घेतले जातात, आणि सामाजिक नाचाच्या विभागात संगीत चालू असताना जोडीने मिठी सोडायची नाही, असा नियम आहे.

३. कानांनी नाचणे

टँगोच्या पारंपरिक वाद्यवृंदात बांदोनेऑन, व्हायोलिन, पियानो आणि डबल बास असतात. ढोल नाही, ताशा नाही. तरीही ताल इतका पक्का की पाय आपोआप हलतात. तो ताल पियानो, बास आणि बांदोनेऑन मिळून धरतात.

बांदोनेऑन हे टँगोचे हृदय. त्याचे नाव जर्मनीतील क्रेफेल्ड गावच्या हाइनरिश बांड या वाद्यविक्रेत्यावरून पडले. दोन्ही हातांत धरून भाता उघडायचा-मिटायचा आणि बटणे दाबायची. टँगोवाल्यांच्या नेहमीच्या वाद्याला ७१ बटणे असतात, आणि तेच बटण भाता उघडताना एक स्वर देते, मिटताना बहुधा दुसराच! आपल्या पेटीची ही लांबची बहीण आहे. दोन्हींत हवेच्या दाबाने धातूची पट्टी कंप पावते. पेटीसुद्धा युरोपातूनच आली आणि आपल्या संगीत नाटकांत अशी मुरली की ती परकी आहे हे आपण विसरलो. बांदोनेऑनचेही ब्युनोस आयर्समध्ये तसेच झाले.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर हा क्रम ठेवा. प्रथम हुआन दारिएन्सो ऐका. त्याला 'तालाचा राजा' म्हणत. त्याच्या ठेक्यावर नुसते खोलीत चालून पाहा. मग कार्लोस दि सार्ली ऐका. व्हायोलिन लांब, शांत ओळी गातात आणि मधल्या जागा पियानो भरतो. इथे पाऊलही लांब आणि संथ पडेल. तिसरा आनिबाल त्रोइलो. तो स्वतः बांदोनेऑन वाजवी, आणि गायकाच्या मागे वाद्यवृंद कसा अदबीने उभा राहतो ते त्याच्याकडे ऐकावे. शेवटी ओस्वाल्दो पुग्लिएसे ऐका. त्याच्या संगीतात वेग ताणला जातो, थबकतो, पुन्हा उसळतो. त्या थबकण्यात पाऊल न टाकता उभे राहणे हीसुद्धा नाचातली कमाई आहे. हा पुग्लिएसे कम्युनिस्ट विचारांचा. त्यापायी त्याला तुरुंगवास घडला. तो नसताना त्याचे सहकारी कार्यक्रम करीत आणि रिकाम्या पियानोवर एक लाल फूल ठेवीत.

जाणकार नर्तक प्रत्येक ठोक्यावर पाऊल टाकत नाही. कधी ठेका धरतो, कधी व्हायोलिनची ओळ धरतो, कधी थांबतो. ऐकलेले सगळेच पायांनी बोलून दाखवायचे नसते.

४. मिलोंगाचे रीतिरिवाज

मिलोंगा हे एका संगीतप्रकाराचे नाव, तसेच जिथे लोक टँगो नाचायला जमतात त्या मेळाव्याचेही नाव. तिथे काही अलिखित नियम पाळले जातात. त्यांना 'कोदिगोस' म्हणतात.

पहिला नियम विचारण्याचा. पारंपरिक मिलोंगात पुरुष थेट जाऊन हात पुढे करीत नाही. तो दुरूनच नजरेने विचारतो. तिलाही नाचायचे असेल तर ती नजर मिळवते. मग तो मान किंचित हलवतो, ती होकार देते, आणि तेव्हाच तो जागेवरून उठतो. याला 'काबेसेओ' म्हणतात. नाचायचे नसेल तर तिने फक्त दुसरीकडे बघायचे. कारण द्यावे लागत नाही, माफी मागावी लागत नाही. आणि नकार मिळाला हे सभागृहात कोणाला कळतही नाही. नाही म्हणणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि विचारणाऱ्याची अब्रू, दोन्ही एकाच नजरेत सांभाळली जातात.

दुसरा नियम मुदतीचा. संगीत 'तांदा'मध्ये, म्हणजे तीन-चार गाण्यांच्या गटांत वाजते. एका तांदासाठी एक जोडीदार. दोन तांदांच्या मध्ये 'कोर्तिना', म्हणजे पडदा, या नावाचा वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो. तो वाजला की मिठी सुटते, जमीन रिकामी होते आणि पुरुष जोडीदाराला तिच्या जागेपर्यंत पोहोचवतो. तांदाच्या मध्येच 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हटले तर त्याचा अर्थ 'आता पुरे' असा होतो. तेव्हा तिथे आभार मानण्याची घाई करू नये!

तिसरा नियम रस्त्याचा. सर्व जोड्या गोलाकार रांगेत, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पुढे सरकतात. याला 'रोंदा' म्हणतात. पुढच्याला ओलांडायचे नाही, वाट अडवून उभे राहायचे नाही, गर्दीत पाय उंच उडवायचा नाही. रांगेत नव्याने शिरताना मागून येणाऱ्याशी आधी नजर मिळवायची आणि तो थांबला की शिरायचे. आमच्या चौकातल्या वाहतुकीला हा धडा कोणी देईल काय?

रात्रीच्या शेवटी परंपरेने 'ला कुम्पार्सिता' वाजते. ही चाल बांधली तेव्हा खेरार्दो मातोस रोद्रिगेस हा मॉन्टेव्हिडिओचा विशीही न गाठलेला विद्यार्थी होता. आज जगात कुठेही ती लागली की लोकांना कळते, आता घरी जायचे.

५. चूक कोणाची होती?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पत्र लिहिणाऱ्या पालकांना संकोच वाटला, त्यात गैर काही नाही. आपल्या घरांतल्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि शाळेने त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण आपल्या मंचावर जे झाले तो टँगो नव्हता. टँगोत ओढाओढ नाही. तिथली मिठी आधी विचारलेली असते, तिची मुदत ठरलेली असते आणि भोवतालच्यांचे भान ठेवून ती चालते. या तीन मर्यादा आहेत म्हणूनच अनोळखी माणसेही तिथे निर्धास्तपणे जवळ येऊ शकतात.

त्या मर्यादांपैकी पहिलीच आम्ही मोडली. उंची मोजली, यादी लावली, पण मुलांना विचारले नाही. बाळ, चूक नाचाची नव्हती आणि तुमचीही नव्हती. ती आमची होती. 'यापुढे नाही' हा शेरा आम्ही मुलांच्या कार्यक्रमावर मारला. तो आमच्या यादीवर मारायला हवा होता.

यंदा स्नेहसंमेलनात टँगो ठेवलेला नाही. त्याऐवजी संगीताच्या तासाला वरच्या वर्गांना वरील चार वाद्यवृंद ऐकवले जातील. आणि यापुढे कोणत्याही नाचात, नाटकात वा खेळात जोड्या व गट लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाला व मुलीला स्वतंत्रपणे विचारले जाईल. 'नाही' म्हणणाऱ्याकडे कारण मागितले जाणार नाही, आणि त्याचे नाव वर्गात घेतले जाणार नाही. शिक्षकवृंदाला तशी सूचना दिली आहे. पालकांनीही घरी पाहुण्यांसमोर 'चल, नाचून दाखव' म्हणण्याआधी मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा बघावे, एवढी विनंती.

स्वाध्याय

१. नकाशात ब्युनोस आयर्स व मॉन्टेव्हिडिओ शोधा. दोन्ही शहरांच्या मध्ये कोणते पाणी आहे?
२. पेटी व बांदोनेऑन यांत साम्य कोणते आणि फरक कोणता?
३. एकाच गाण्यावर दोनदा चालून पाहा : एकदा ठेक्यावर, एकदा व्हायोलिनच्या ओळीवर. पावलांत काय बदलले ते चार वाक्यांत लिहा.
४. काबेसेओमध्ये नकार देणाऱ्याचा आणि नकार मिळालेल्याचा मान कसा राखला जातो? आपल्या वर्गात असा मान राखण्याची एक रीत सुचवा. उत्तम सूचना पुढील अंकात छापू. नाव छापायचे की नाही, हे अर्थातच आधी विचारू.