सर्वाधिक पडलेल्या शेअरांची यादी वाचताना

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर दोन याद्या हमखास येतात. एक वर्षभरात सर्वाधिक वाढलेल्या मोठ्या कंपन्यांची, दुसरी सर्वाधिक पडलेल्यांची. पहिली यादी सामान्य गुंतवणूकदार हळहळत वाचतो. खरेदी मात्र दुसऱ्या यादीतून करतो. मी बरीच वर्षं लोकांची प्राप्तिकर विवरणपत्रं भरून देते. त्यांच्या भांडवली तोट्याचे कागद माझ्या टेबलावर येतात, म्हणून हे ऐकीव सांगत नाही. मोठं नाव, निर्देशांकातली कंपनी, भाव निम्म्यावर आलेला, एवढ्यावर माणसं निवृत्तीची रक्कम लावतात. ती उधळी माणसं नसतात. चांगली वस्तू कमी भावात मिळाली की घ्यावी, हा नियम त्यांना घर घेताना, सोनं घेताना उपयोगी पडलेला असतो. शेअरच्या बाबतीत भाव पडल्यावर वस्तू तीच राहिली आहे का, हेच आधी तपासावं लागतं, आणि तिथेच घात होतो.

२०१८ सालची यादी घ्या. त्या वर्षी निफ्टीत सर्वांत जास्त पडला टाटा मोटर्स, जवळपास ६० टक्के. त्याच यादीत येस बँक आणि भारती एअरटेल होते, दोघांचीही घसरण ४० टक्क्यांच्या आसपास. तिन्ही नावं घराघरांत माहीत असलेली. टक्केवारी पाहून यांतला कोणता शेअर तरेल आणि कोणता बुडेल, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

टाटा मोटर्सचं दुखणं धंद्यातलं होतं. कंपनीच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरची चीनमधली विक्री घटली, युरोपात डिझेल गाड्यांकडे लोकांनी पाठ फिरवली. फेब्रुवारी २०१९मध्ये कंपनीने एका तिमाहीत सुमारे २७ हजार कोटी रुपयांचा तोटा जाहीर केला. त्यातला मोठा भाग जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचं पुस्तकी मूल्य कमी केल्यामुळे आलेला होता. मार्च २०२०मध्ये भाव ६५ रुपयांच्या आसपास आला आणि २०२४च्या जुलैत ११०० रुपयांच्या पुढे गेला. एअरटेलला जिओच्या दरयुद्धाने झोडपलं होतं. स्पर्धक एकेक करून गळाले, दर वाढले आणि सहा वर्षांत शेअर चौपटीहून अधिक झाला. पण हे आज सांगणं सोपं आहे. दरम्यान टाटा मोटर्स १७०वरून ६५वर उतरताना ज्याला घरखर्चासाठी तो विकावा लागला, त्याच्या वाट्याला फक्त तोटा आला.

येस बँकेची गोष्ट वेगळी. ती नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण माझ्याकडे आलेल्या कागदांतलं सर्वांत जास्त दुःख याच एका नावाशी जोडलेलं आहे.

ऑगस्ट २०१८मध्ये हा शेअर ४०० रुपयांच्या वर होता. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे सहसंस्थापक आणि मुख्य कार्यकारी राणा कपूर यांची मुदत ३१ जानेवारी २०१९पर्यंतच मर्यादित केली आणि २१ सप्टेंबरला शेअर एका दिवसात ३० टक्क्यांच्या आसपास कोसळला. तेव्हा 'सोन्यासारखी बँक स्वस्तात मिळतेय' म्हणून अनेकांनी घेतला. खरं तर त्याआधीच रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत बुडीत कर्जांच्या आकड्यात मोठी तफावत निघाली होती, २०१५-१६साठी ४१७६ कोटींची आणि २०१६-१७साठी ६३५५ कोटींची. हे आकडे जाहीर झालेले होते. आपले शेअर कधीही विकणार नाही, असं कपूर यांनी सप्टेंबर २०१८मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. पुढच्या सव्वा वर्षात त्यांच्या कुटुंबाच्या कंपन्यांचा जवळपास सगळा हिस्सा विकला गेला. एप्रिल २०१९मध्ये बँकेने पहिल्यांदा तिमाही तोटा दाखवला, सुमारे १५०० कोटींचा. डिसेंबरात सेन्सेक्समधून नाव वगळलं गेलं. २०१९च्या अखेरीस भाव ४७ रुपये होता, म्हणजे वर्षभरात सुमारे ७४ टक्के घट. ती निफ्टीतली त्या वर्षीची सर्वांत मोठी पडझड.

यादी पुन्हा छापून आली आणि लोकांनी पुन्हा घेतला. ५ मार्च २०२०च्या संध्याकाळी बँकेवर निर्बंध आले, खात्यातून काढायची मर्यादा ५० हजार झाली. दुसऱ्या दिवशी शेअरने साडेपाच रुपयांचा तळ पाहिला आणि तो १६च्या आसपास बंद झाला. डिसेंबरात ज्यांना ४७ रुपये हा तळ वाटला होता, त्यांचं दोन महिन्यांत दोन तृतीयांश भांडवल गेलं. ४००वरून ८०वर आलेला शेअर ८० टक्के पडलेला असतो आणि ४०वर आलेला ९० टक्के. कागदावर हा फरक दहा टक्क्यांचा दिसतो, पण ८०ला घेणाऱ्याचे निम्मे पैसे त्यात गेलेले असतात.

बँकेच्या शेअरबाबत मी इतकी आग्रही का, तेही सांगते. बँक शंभर रुपये कर्जाऊ देते, तेव्हा त्यातले भागधारकांचे स्वतःचे थोडेच असतात, बाकी ठेवीदारांचे आणि उसने घेतलेले. दहा-बारा रुपयांची कर्जं खरोखर बुडाली की भागधारकांचं भांडवल संपतं. कारखान्याची विक्री घटली तरी यंत्रं आणि जमीन जागेवर राहतात. बँकेच्या हिशेबावरचा विश्वास एकदा उडाला की ठेवी निघू लागतात आणि उरलेला धंदाही आटतो. म्हणून बँक, वित्तसंस्था यांच्या पुस्तकांबद्दल शंका असेल तर पडत्या भावात आणखी शेअर घेऊन खरेदीची सरासरी खाली आणण्याचा, म्हणजे ॲव्हरेज करण्याचा, प्रयत्न करू नये. इथे मी अपवाद ठेवत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी येस बँकेची पहिली खरेदी सव्वादोनशेच्या आसपास केली आणि मग प्रत्येक पायरीवर थोडी थोडी, अगदी ४७पर्यंत. 'स्टेट बँक आली मॅडम, आता काळजी नाही,' असं मार्च २०२०मध्ये त्यांनी मला फोनवर सांगितलं. बँकेपुरतं ते खरं ठरलं. ठेवीदारांचा एक पैसा बुडाला नाही, निर्बंध १८ मार्चला उठले. पण पुनर्रचनेत स्टेट बँक आणि इतरांनी नवे शेअर १० रुपयांनी घेतले आणि शंभरपेक्षा जास्त शेअर असलेल्या जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. सरांना विकायचे होते तेव्हा विकता आले नाहीत. विक्री नाही म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तोटाही नाही. मार्च २०२३मध्ये शेअर मोकळे झाले तोवर तो तोटा दीर्घकालीन झाला होता, आणि दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा करता येतो. सरांकडे तसा नफा नव्हता.

बँक वाचणं आणि बँकेचा भागधारक वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्रचना आणि त्यानंतरच्या भांडवल उभारणीत येस बँकेच्या शेअरांची संख्या सुमारे २५५ कोटींवरून ३१०० कोटींच्या पुढे गेली आहे. २०२५मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकिंग कॉर्पोरेशनने यात २० टक्के हिस्सा घेतला, तो साडेएकवीस रुपये भावाने. 'घेतल्या भावाला आला की विकतो' म्हणणाऱ्यांनी गुणाकार करून पाहावा. इतक्या शेअरांना ४०० रुपयांनी गुणलं तर बारा लाख कोटींहून अधिक मूल्य होतं. त्यासाठी ही बँक देशातल्या सर्वांत मोठ्या बँकांच्या पंगतीत बसायला हवी.

मग यादीतलं नाव दिसल्यावर करायचं काय? कंपनीने शेअर बाजारांना दिलेली माहिती बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते. दर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता उघडा. प्रवर्तकांचा हिस्सा घटतोय का, त्यांचे किती शेअर गहाण आहेत, म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्था बाहेर पडून त्यांचे शेअर किरकोळ गुंतवणूकदारांच्या हाती जात आहेत का, हे त्यात दिसतं. लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला असेल, निकाल लांबले असतील, नियामकाने आकड्यांवर बोट ठेवलं असेल, तर भाव कितीही खाली आला तरी लांब राहा. मागणी घटली, कच्चा माल महागला, स्पर्धा वाढली अशी कारणं असतील, तर कंपनीवर कर्ज किती आहे आणि वाईट काळ ती किती वर्षं सोसू शकेल, ते पाहा. त्यानंतर खरेदीचा विचार करा, तोही पुढची काही वर्षं लागणार नाहीत अशाच पैशांनी.

एक लहानशी सूचना. काही वेळा पडझड मुळात नसतेच. ऑक्टोबर २०२५मध्ये टाटा मोटर्सचं विभाजन झालं आणि ६६०चा भाव ४००वर आलेला मोबाइलवर दिसला. घाबरून मला फोन आले. प्रत्यक्षात विभाजनातून निघालेल्या दुसऱ्या कंपनीचे शेअर स्वतंत्रपणे मिळणार होते. बोनस आणि शेअर विभागणीतही असंच दिसतं. आधी कंपनीची घोषणा वाचा.

ज्यांचा तोटा होऊन गेला आहे, त्यांना मला दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेलं असलं तरच. उत्पन्न करपात्र नाही म्हणून न भरणारे हा हक्क गमावतात.

दुसरी गोष्ट, घरी सांगा. तोटा लपवला की तो भरून काढण्यासाठी पुढची खरेदीही लपून होते, कधी कर्ज काढून. नवऱ्याच्या पश्चात डीमॅटचे कागद घेऊन माझ्यासमोर बसलेल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळं समजलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आज संध्याकाळी खात्याचा उतारा काढा आणि जोडीदारासोबत बसून वाचा.